एक राउंड मारून येते

मराठी प्रदर्शनात ‘नको’ असं कोणी म्हणत नाही. बाई स्टॉलवर येते, बरणी हातात घेते, उलटी करते, सुलटी करते, चष्मा कपाळावर सरकवून लेबलावरची तारीख वाचते, झाकणाचा वास घेते, किंमत विचारते, किंमत ऐकून ‘‘हो, आता सगळंच महागलंय’’ अशी स्वतःचीच समजूत घालते, बरणी होती तिथे ठेवते आणि म्हणते, ‘‘एक राउंड मारून येते हं.’’

त्यातला ‘हं’ फार मायेचा असतो. नवशिका स्टॉलवाला त्या ‘हं’वर विसंबून ती बरणी बाजूला काढून ठेवतो. दुपारपर्यंत अशा बाजूला काढलेल्या बरण्यांची टेबलाखाली स्वतंत्र रांग लागते आणि टेबलावर मांडायला काही उरत नाही. हॉलला दार एकच, स्टॉल सगळे मिळून चाळीसेक. राउंड मारून मारून किती मारणार? तरी राउंडला गेलेलं माणूस पुन्हा दिसत नाही. आठवड्याने भाजीच्या दुकानात गाठ पडली तर तेच आपल्याला दोष देतं. ‘‘अहो, मी परत आले होते, तुम्हीच नव्हता.’’ आम्ही तिथेच होतो. आम्ही कुठे जाणार? अनामत रक्कम आयोजकांकडे असते.

आमच्या हिचा घरगुती खाद्यपदार्थांचा व्यवसाय आहे. मेतकूट, थालीपिठाची भाजणी, कारळ्याची, जवसाची नि लसणाची चटणी आणि दिवाळीआधी चकलीची भाजणी, अनारशाचं पीठ. या व्यवसायात माझं पद ‘मिस्टर’ असं आहे. पुण्यातल्या कुठल्याही दिवाळी प्रदर्शनात जा, प्रत्येक स्टॉलमागे एक मिस्टर असतो. तो प्लास्टिकच्या खुर्चीवर, निम्मा खोक्यांच्या आड बसलेला असतो. सुटे आणणं, चहा आणणं, खोकी चढवणं-उतरवणं आणि मालकीणबाई राउंडला गेल्या (त्याही जातात, त्यावर पुढे येतो) की मालावर नजर ठेवणं ही त्याची कामं. गिऱ्हाइकाला तो दिसत नाही. चुकून दिसलाच आणि कोणी विचारलं, ‘‘तिखट आहे का हो?’’ तर तो म्हणतो, ‘‘मॅडम येतीलच एवढ्यात.’’ रोज घरी ती चटणी खाणारा माणूस. पण तिखट आहे की नाही हे जाहीरपणे सांगण्याचा अधिकार त्याला नाही.

मी बँकेत होतो. लघुउद्योगांच्या कर्जाचे अर्ज माझ्या टेबलावरून जात. त्यात ‘मालाची विक्री कशी करणार?’ असा एक रकाना असे आणि त्यात झाडून सगळे ‘प्रदर्शने व सोशल मीडिया’ एवढंच लिहीत. मीही त्यावर बरोबरची खूण करून पुढच्या पानावर जाई. त्या दोन शब्दांच्या पोटात काय काय आहे हे कळायला निवृत्त व्हावं लागलं.

सरकारच्या लेखी १ एप्रिल २०२५ पासून सूक्ष्म उद्योग म्हणजे यंत्रसामग्रीत अडीच कोटी रुपयांपर्यंत गुंतवणूक आणि वर्षाला दहा कोटींपर्यंत उलाढाल. आमची यंत्रसामग्री म्हणजे एक मिक्सर, पिशव्यांची तोंडं सील करायचं एक यंत्र आणि मी. सूक्ष्माच्याही खाली जो थर आहे त्याला सरकारने अजून नाव दिलेलं नाही. आमच्या सोसायटीत त्याला ‘तिचं काहीतरी चालू असतं’ असं म्हणतात.

हंगाम सुरू होतो गणपती विसर्जनाच्या सुमारास, व्हॉट्सअॅपवरच्या एका संदेशाने. ‘भव्य दिवाळी खरेदी महोत्सव! फक्त २ स्टॉल शिल्लक!’ मराठीत प्रदर्शन भव्यच असतं. मुंजीला अपुरा पडणारा हॉलही प्रदर्शनासाठी घेतला की भव्य होतो. आणि स्टॉल कायम दोनच शिल्लक असतात. पितृपक्षात दोन असतात, घटस्थापनेला दोन असतात, माजी नगरसेविकेच्या शुभहस्ते फीत कापली जाते तेव्हाही कोपऱ्यात दोन टेबलं रिकामी असतात. भाड्यात एक टेबल, दोन खुर्च्या आणि एक लाइट पॉइंट मिळतो. दारासमोरचा स्टॉल हवा असेल तर भाडं जास्त, कोपऱ्यावरचा असेल तर त्याहून जास्त. खांबाआडचा स्टॉल सवलतीत मिळतो, पण आयोजक त्याला खांबाआडचा म्हणत नाहीत, ‘निवांत’ म्हणतात.

आम्हाला यंदा पहिल्या मजल्यावर जागा मिळाली. खालच्या मजल्यावर साड्या, दागिने, पणत्या. तेवढं बघून लोकांचे पाय दुखतात आणि जिन्याकडे बघून ते ठरवतात, की वर काही विशेष नसणार. ही अडचण फार जुनी आहे. १८९३ साली शिकागोला जागतिक प्रदर्शन भरलं, तेव्हा हेन्री हाइन्झ या लोणचेवाल्याला शेतकी विभागाच्या इमारतीत वरच्या सज्जात जागा मिळाली होती. केचपवाला म्हणतात तोच हा हाइन्झ. खाली गर्दी, वर शुकशुकाट. मग त्याने खाली प्रदर्शनभर छोट्या चिठ्ठ्या पसरून दिल्या. ही चिठ्ठी वर आमच्या स्टॉलवर आणा, भेटवस्तू मोफत न्या. भेटवस्तू काय, तर लोणच्याच्या काकडीच्या आकाराची एक इवलीशी हिरवी वस्तू, घड्याळाच्या साखळीला अडकवायची. लोक इतके लोटले की सज्जाला खालून टेकू द्यावे लागले, असं सांगतात.

ही गोष्ट मी जेवताना सांगितली आणि दुसऱ्या दिवशी आमची भाची जिन्याच्या पायथ्याशी चिठ्ठ्या वाटत उभी. भेटवस्तू म्हणून मेतकुटाची छोटी पुडी. लोक खरंच वर आले. पुडी घेतली, ‘‘अरे वा’’ म्हणाले आणि राउंडला गेले. शिकागोच्या लोकांनी ती काकडी अंगावर मिरवली आणि कंपनीची जाहिरात गावभर फुकट हिंडली. पुण्याच्या लोकांनी पुडी पर्समध्ये टाकली आणि रात्री घरी मऊ भात लावला. एक गृहस्थ मात्र प्रामाणिकपणे परत आले. एका पुडीत दोघांचं भागत नाही, हे सांगायला.

मांडणी हा वेगळाच विषय आहे. टेबलावर आडव्या मांडलेल्या बरण्या गर्दीत कोणाला दिसत नाहीत, कारण पहिली रांग टेबलाला टेकून उभी असते. माल चढत गेला पाहिजे. त्यासाठी घरोघरी गणपतीच्या आराशीच्या घडीच्या पायऱ्या असतात, त्या माळ्यावरून निघतात. त्यावर खणाचं कापड. गेल्या काही वर्षांत खणाने प्रदर्शनं अशी व्यापली आहेत की खणाची पर्स, खणाची डायरी, खणाचं तोरण, खणाचा मोबाइल ठेवायचा खिसा. चाळीसपैकी तीस टेबलांवर तोच जांभळा किंवा हिरवा खण, तेच नारळी काठ. आपला स्टॉल उठून दिसावा म्हणून प्रत्येकीने स्वतंत्रपणे विचार करून खण आणलेला असतो. गेल्या वर्षी एका बाईंनी साधी पांढरी चादर अंथरली होती, तर लोक त्यांना ‘‘तुमचं लागायचंय का अजून?’’ असं विचारत होते.

मागे फ्लेक्स. तो डीटीपीवाला आपल्या मनाने करतो. आपण सांगतो, ‘‘साधा ठेवा.’’ तो म्हणतो, ‘‘हो ताई’’ आणि चारही कोपऱ्यांत पणत्या, मधोमध कमळ, अक्षरांना सोनेरी कड आणि त्या सगळ्याच्या खाली, उरलेल्या जागेत, मेतकूट. बाजूला उभा स्टँडी. हा वाऱ्याने पडतो. पंखा लावला की स्टँडी पडतो, बंद केला की गिऱ्हाईक पडेल अशी परिस्थिती होते. म्हणून स्टँडीमागे एक मिस्टर उभा करतात.

आणि प्रकाश. १८५१ साली लंडनच्या हाइड पार्कात काचेच्या महालात ते सुप्रसिद्ध प्रदर्शन भरलं. पाच-साडेपाच महिन्यांत साठ लाखांवर लोक येऊन गेले. त्यात आकर्षण काय, तर कोहिनूर. माल पंजाबातून नेलेला, स्टॉल राणीचा. सोनेरी पिंजऱ्यात ठेवलेला तो हिरा बघायला लोक रांगा लावून आले आणि नाक मुरडून गेले. काचेचा तुकडा दिसतोय म्हणाले. मग आयोजकांनी पडदे लावून उजेड अडवला, आत गॅसचे दिवे आणि आरसे बसवले. आत जाणारा माणूस घामाघूम होऊ लागला, हिरा होता तसाच राहिला. शेवटी पुढच्या वर्षी तो घासून घेतला आणि सुमारे १८६ कॅरेटचा होता तो सुमारे १०६ वर आणला. डिस्प्लेच्या पायी एवढा माल वाया घालवल्याचं दुसरं उदाहरण माझ्या तरी माहितीत नाही.

जिथे कोहिनूरची ही गत, तिथे जवसाच्या चटणीचं काय घेऊन बसलात? ती मुळात तपकिरी. हॉलच्या पांढऱ्या ट्यूबखाली ती राखाडी दिसते. लसणाची लाल चटणी गुलाबी दिसते आणि हळदीचं मेतकूट आजारी दिसतं. पण आमच्या शेजारी एक कंदीलवाल्या ताई होत्या. कापडी आकाशकंदील, आत पिवळा बल्ब. त्यांचा एक मोठा केशरी कंदील नेमका आमच्या पायऱ्यांवर उजेड टाकत होता आणि त्या उसन्या उजेडात आमच्या बरण्या अशा काही खुलल्या की दोन-तीन बायकांनी राउंड न मारता खरेदी केली. तिसऱ्या प्रहरी तो कंदील विकला गेला. ताईंचं अभिनंदन करताना हिचा आवाज जड झाला होता. मग ताईंनी कसलाही बोभाटा न करता दुसरा केशरी त्याच खिळ्याला अडकवला आणि त्याला ‘बुक्ड’ अशी चिठ्ठी लावली.

चवीचं काय करायचं, हा मेतकूटवाल्यांचा सनातन प्रश्न आहे. चटणीचं सोपं असतं. खाकऱ्याचा तुकडा, त्यावर चिमूटभर चटणी, तेलाचा थेंब. पण मेतकूट कोरडं तळहातावर दिलं, की माणूस ते तोंडात टाकतो, नेमका तेव्हाच श्वास घेतो आणि नंतर बराच वेळ पाणी मागत राहतो. त्या अवस्थेत कोणी पाकीट काढत नाही. मेतकुटाला मऊ भात लागतो, तूप लागतं आणि खरं म्हणजे खाणाऱ्याला थोडा ताप आलेला लागतो. ताप काही आपल्या हातात नाही. भाताचा कुकर लावावा म्हटलं तर आयोजक म्हणाले, ‘‘लाइट पॉइंटवर फक्त लाइट.’’ मग ही घरून हॉटपॉट भरून मऊ भात आणू लागली. द्रोणात चमचाभर भात, वर मेतकूट, वर तुपाची धार.

त्या भाताने आमच्या स्टॉलला नाव मिळवून दिलं आणि त्याच भातामुळे मला प्रदर्शनातला सर्वश्रेष्ठ ग्राहक बघायला मिळाला. साठी-पासष्टीचे गृहस्थ, पांढरा शर्ट, खांद्याला शबनम. रोज बरोबर साडेबाराला येत. इतर लोक दिसेल ते चाखत सुटतात. यांची पंगत शिस्तीत चाले. आधी ताटाची डावी बाजू, म्हणजे आमच्या चटण्या आणि पलीकडचं लोणचं. मग कोकमवाल्यांकडे घोटभर सोलकढी. मग आमचा भात. ‘‘तूप जरा सोडा,’’ असं ते अतिशय सभ्यपणे म्हणत. तिथून पुरणपोळीवाल्यांकडे चतकोर, मध्ये एका ताईंकडे नाचणीच्या लाडवाचा तुकडा आणि शेवट खालच्या मजल्यावर मुखवासाने. जिना चढायचे ते जेवणासाठी, उतरायचे ते विड्यासाठी. पुढे पुढे ते एका मित्रालाही घेऊन येऊ लागले आणि कुठे काय चांगलं हे त्याला वाटेत समजावून सांगत.

त्यांनी कधी काही विकत घेतलं नाही. पण एक दिवस द्रोण खाली ठेवून ते हिला म्हणाले, ‘‘वहिनी, रागावू नका, मेथी अंमळ पुढे येतेय. आणि सुंठ मागे पडलीय.’’ ही घरी गेली, चाखून बघितलं आणि गप्प झाली. पुढच्या घाण्यात मेथी कमी केली. एवढ्या सगळ्या दिवसांत शेकडो लोकांनी ते मेतकूट खाल्लं आणि ‘‘छान! मस्त! अगदी आजीची आठवण आली’’ म्हणाले. ज्यांना आजीची आठवण आली ते सगळे राउंडला गेले. खरं बोलला तो एकटा फुकट जेवणारा. भीमथडी जत्रेत किंवा मुंबईच्या महालक्ष्मी सरसमध्ये बचतगटांच्या बायका गिऱ्हाइकांकडून रीतसर पैसे घेऊन गरम पिठलं-भाकरी वाढतात, ते जास्त शहाणपणाचं, हे मान्य. पण पैसे दिलेला माणूस मेथीबद्दल बोलत नाही, संपवून उठतो.

बाकीचे काय बोलतात तेही ऐकण्यासारखं असतं. ‘‘हे घरी करता येतं ना?’’ असं विचारणाऱ्या बाई हिच्याकडून डाळींचं प्रमाण, भाजायची आच आणि दळायची पद्धत अशी सगळी माहिती घेतात, मोबाइलमध्ये टिपतात आणि शेवटी ‘‘एवढा कुठे वेळ असतो हो!’’ म्हणतात. आशेने हिचा चेहरा उजळतो. त्या पुढे म्हणतात, ‘‘सासूबाईंनाच सांगते करायला.’’ कोणी विचारतं, यात मिलेट आहे का? २०२३ हे भरड धान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं आणि तेव्हापासून ज्वारी-बाजरीला कोणी ज्वारी-बाजरी म्हणेनासं झालं आहे. भाजणीत ज्वारी आहे, बाजरी आहे, असं ही सांगत बसते. शेजारची एक मुलगी नुसतं ‘मल्टिमिलेट मिक्स’ एवढंच लिहून दुप्पट किंमत लावते. आणि ज्यांना काहीच घ्यायचं नसतं पण तसं निघून जायला संकोच वाटतो, ते म्हणतात, ‘‘कार्ड आहे का तुमचं?’’ कार्ड म्हणजे निरोपाचं हळदीकुंकू. छपाईवाल्याने हजार छापले तरच परवडतं म्हणून सांगितलेलं असतं, त्यामुळे आपणही दोन-दोन देतो.

आता त्या राउंडला जाणाऱ्या मालकीणबाईंकडे येतो. दुपारी दोन ते चार हॉल ओस असतो. तेव्हा स्टॉलवाल्या एकमेकींचे स्टॉल बघायला निघतात. त्या राउंडची गंमत अशी की त्यात खरेदी होते. ही साबणवालीकडून साबण घेते, साबणवाली पुरणपोळी घेते, पुरणपोळीवाल्या कानातले घेतात, कानातलेवाली कंदील घेते, कंदीलवाल्या ताई आमच्याकडून भाजणी घेतात. प्रत्येकीला दुसरीच्या तोंडावर ‘राउंड मारून येते’ म्हणण्याची सोय नसते. ती कुठे राहते, कुठे बसते, भवानी झाली की नाही, सगळं माहीत असतं. एका दुपारी मी सुट्यांच्या डब्यातून पाचशेची एक नोट दिली होती, तिच्यावर हळदीचा अंगठा उमटलेला. अंगठा माझाच. संध्याकाळी ती नोट, वर थोडा साबणाचा वास लागून, आमच्या डब्यात परत आली. बँकेत असताना पैशाच्या अभिसरणाविषयी परिपत्रकं येत. अभिसरण प्रत्यक्ष बघितलं ते इथे. रात्री ही हिशेब घेऊन बसते. विक्री चांगली दिसते. त्यातून भाडं वजा, चहा वजा, पार्किंग वजा. उरले त्याच्या पिशव्या सोफ्यावर असतात: साबण, कानातले, कापडी कंदील, मुखवासाच्या चार बाटल्या.

हे कमी म्हणून सोशल मीडिया. ते खातं भाची बघते. तिने पहिल्याच दिवशी सांगितलं, ‘‘मामी, पहिल्या तीन सेकंदांत हुक पाहिजे.’’ मामीला वाटलं, कंदील टांगायचा. २०२० च्या जून अखेरीस टिकटॉक बंद झालं, जुलैत इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणले आणि तेव्हापासून आमच्या स्वयंपाकघरात डाळ एकदा भाजून भागेनासं झालं आहे. एकदा खरी भाजायची, एकदा कॅमेऱ्यासाठी, आणि कुकरची शिट्टी मध्ये आली तर परत एकदा. वर हिंदी प्रेमगीत, कारण ते ‘ट्रेंडिंग’ असतं. उडदाची डाळ भाजली जात असताना कोणीतरी कोणाच्या तरी आठवणीत झुरत असतो.

लाइक नातेवाइकांचे. ‘खूप छान’ लिहून तीन फुलं टाकणाऱ्या चुलत नणंदेचं पहिलं लाइक हमखास. ती दिवाळीला घरी येऊन दोन पाकिटं ‘चवीला’ नेते. अनोळखी लोक एकच शब्द लिहितात, ‘प्राइस?’ आणि त्याखाली भाची लिहिते, ‘डीएम केलं आहे.’ हे गुपित कशाला, ते मला कळलेलं नाही. टेबलावर मोठ्या अक्षरात ज्याची किंमत लावून ठेवली आहे, तीच फोनवर आली की मुलाच्या पगाराची असावी तशी आडबाजूला नेऊन सांगायची. बाकी फॉलोअर कोण, तर साबणवाली, पुरणपोळीवाल्या, कानातलेवाली, कंदीलताई. हॉलमध्ये जी माणसं एकमेकींचा माल घेतात, तीच फोनवर एकमेकींना बदाम देतात.

व्हॉट्सअॅपची तऱ्हा वेगळी. तिथे ब्रॉडकास्ट यादीत २५६ माणसं बसतात, पण ज्याने आपला नंबर साठवून ठेवला आहे त्यालाच संदेश पोचतो. म्हणून ही येईल त्याला कार्ड देताना सांगते, ‘‘नंबर सेव्ह करून ठेवा हं.’’ आता हिचा ‘हं’ मायेचा झाला आहे. सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं तर सेक्रेटरी लगेच नियमावली चिकटवतात आणि मागाहून खासगीत अर्धा किलो भाजणी सांगतात. स्टेटस त्यातल्या त्यात बरं. चोवीस तासांत आपोआप पुसलं जातं, त्यामुळे कोणी घेतलं नाही याचा पुरावा राहत नाही. मात्र कोणी बघितलं हे दिसतं. दिवाळीच्या दरपत्रकाचं स्टेटस लावल्यावर मिनिटभरात माझ्या थोरल्या वहिनींनी बघितलं होतं. ही अजून ते विसरलेली नाही.

स्टॉलवर दोन क्यूआर कोड शेजारी शेजारी होते, एक पैसे देण्याचा, एक फॉलो करण्याचा. एका काकांनी भाजणी घेतली, दुसरा कोड स्कॅन केला आणि पैसे पोचल्याचं त्या डबीतली बाई कधी बोलते याची वाट बघत उभे राहिले. मीही राहिलो. ती बोलेना. काका म्हणाले, ‘‘माझ्याकडून झालंय.’’ झालं होतंच. एक फॉलोअर वाढला होता. खातं सापडत नाही म्हणणाऱ्यांना नाव सांगणं तर त्याहून कठीण, कारण साधं नाव आधीच कोणीतरी घेतलेलं होतं. गर्दीत, लाउडस्पीकरवर लकी ड्रॉचे नंबर चालू असताना, ही ओरडून सांगत असते, ‘‘मधे रेघ! आडवी नाही हो, खालची! खालची रेघ!’’

हे सगळं नवीन आहे असं भाचीला वाटतं. मी तिला किर्लोस्करांची गोष्ट सांगितली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला तेव्हा शेतकरी तो घेईनात. लोखंडाने जमीन नासते अशी समजूत होती. नांगर खपता खपत नव्हता. पुढे किर्लोस्करवाडीत कारखाना उभा राहिला, आणि १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी कारखान्याची नि मालाची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत पोचावी म्हणून ‘किर्लोस्कर खबर’ नावाचा अंक सुरू केला. म्हणजे रीलच, फक्त कागदावर. तो लोकांना इतका आवडला की त्याचं पुढे मराठीतलं एक मोठं मासिक झालं आणि ज्यांच्याकडे ना शेत ना बैल, असे लोक वर्गणी भरून ते वाचू लागले. भाचीने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, ‘‘म्हणजे त्यांचा रीच वाढला, पण कन्व्हर्जन?’’ मी म्हटलं, ‘‘नांगर आधीच खपायला लागले होते.’’ तिने मान डोलावली आणि माझा व्हिडिओ काढायला घेतला. निवृत्त बँक अधिकारी स्टँडी धरून उभा आहे, पंखा चालू आहे. तो बराच बघितला गेला. ‘काका क्यूट’ अशा प्रतिक्रिया आल्या. मेतकूट कोणी विचारलं नाही.

शेवटच्या दिवशी मात्र भाचीने एक रील केला, साधा. ही द्रोणात मऊ भात वाढतेय, मेतकूट भुरभुरवतेय, तुपाची धार सोडतेय, एवढंच. मागे कंदील. गाणं टाकायला नेट नव्हतं, म्हणून हॉलचा गोंगाटच राहिला. का कोण जाणे, तो सुटला. दोन दिवस फोन थांबेना. सांगलीहून एका बाईंचा आला.

‘‘ताई, रीलमध्ये दाखवलंय ते कितीला?’’

‘‘पाव किलोचं पाकीट येतं. मेथी यंदा बेताची ठेवलीय,’’ ही उत्साहात.

‘‘नाही नाही, ते नाही. तुमच्या डोक्यामागे लटकलंय ना केशरी, ते.’’

नाशिकचा फोनही कंदिलाचाच. कोल्हापूरचाही. ही प्रत्येकाला कंदीलताईंचा नंबर देत बसली. आवाजात कुठे काही जाणवू दिलं नाही. चौथ्या दिवशी ताईंचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर त्या चाचरत म्हणाल्या, ‘‘अहो, एक सांगायचं राहिलं. मी माझ्या कंदिलांचा रील टाकला होता ना, त्याखाली लोक विचारतायत की मागच्या बाई भातावर काय घालतायत. मी तुमचं खातं दिलंय. पण ती खालची रेघ लोकांना सापडत नाहीये.’’

त्यानंतर दोघींचं बराच वेळ चाललं. ठरलं असं, की पुढच्या वेळी हिने ताईंच्या रीलमध्ये मागे भात वाढायचा आणि ताईंनी हिच्या रीलमध्ये मागे कंदील टांगायचे. पुढे कोणी काहीही करो. त्यासाठी दोन स्टॉल लागून मिळायला हवेत, म्हणून संक्रांतीच्या प्रदर्शनाचं विचारायला मी लगेच आयोजकांना फोन लावला. हॉल अजून ठरायचा होता, तारखा अजून ठरायच्या होत्या. पण दोनच शिल्लक आहेत, म्हणाले.